कोणी मागितलं?

९ नोव्हेंबर, रविवार

नदीचौकीवर आज नवे सेन्सर आले. देणगी देणाऱ्या संस्थेने पाठवलेत, वरच्या दोन बंधाऱ्यांवर बसतील. मेरापी ज्वालामुखीच्या अंगावरची राख आणि दगड पावसाने सुटून खाली आले की हे दोघे सांगणार, मग आपला भोंगा वाजणार, मग नदीपात्रात रेती काढणारी माणसं वर येणार. ऐकायला सोपं आहे.

अडचण एवढीच की नव्या सेन्सरचे निरोप वाचायला नवा प्रोग्रॅम लागतो आणि चौकीचा सर्व्हर सोळा वर्षांचा आहे. म्हणजे माझ्या शाळेतल्या पोरांच्या वयाचा, आणि त्यांच्यासारखाच. सांगितलेलं ऐकत नाही, विचारलं तर ‘सापडत नाही’ म्हणतो. त्याच्या लिनक्सची तयार पॅकेजं आता कुठे ठेवलेलीच नाहीत. जे हवं ते सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, आपण बांधायचं. पाक लुराहनी, म्हणजे आमच्या गावच्या प्रमुखांनी, पुढच्या शनिवारी उद्घाटन ठेवलंय. मला विचारलं नाही, सांगितलं. मी मान डोलावली. नेटवर्किंगची मास्तरीण म्हटल्यावर नाही कुठे म्हणायचं?

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवसांत मूळ प्रोग्रॅमला हात लागलेला नाही. त्याला एक लायब्ररी हवी. (शिक्षकांच्या खोलीत हा शब्द काढला तर सोबतच्या बाई, बु हार्तिनी, विचारतात, कुठली पुस्तकं घेतेयस? पुस्तकं नव्हेत, एकाहून जास्त प्रोग्रॅम मिळून वापरतात ते सामायिक सामान.) ती लायब्ररी बांधायला घेतली तर तिला दुसरी हवी, दुसरीला तिसरी, आणि तिसरी म्हणते माझं आधी कंपायलरशी पटवून द्या. केंदुरीच्या गावजेवणाला एकाला बोलवावं तर त्याचा मेहुणा येतो आणि मेहुण्याबरोबर शेजारी, तसं चाललंय. चौकीवर इंटरनेट नावापुरतं. म्हणून रोज शाळेत उतरवायचं, पेनड्राइव्हवर घालायचं, दुपारी मास सार्नोच्या, गावातल्या सार्नोदादाच्या, रेतीच्या ट्रकमध्ये बसून वर यायचं, आणि वर आल्यावर कळायचं की आणखी एक राहिलं.

पाक जुमेनो प्रत्येक पाहुण्याचं नाव वहीत लिहून घेतात. एकसष्ट वर्षांचे, रेडिओ ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, चौकीचा जीव. त्यांच्या वहीत चार रकाने: तारीख, नाव, आवृत्ती, आणि चौथा ‘कोणी मागितलं’. मी विचारलं, चौथा कशाला? म्हणाले, “उद्या हे काढायची वेळ आली तर कोणाच्या पोटावर पाय येईल ते कळायला नको का, बु गुरू?” दर शुक्रवारी नमाजानंतर ते लायब्ररींच्या फोल्डरची सगळी यादी पडद्यावर काढतात आणि पेनाने उतरवतात. आज्ञा मीच शिकवली होती. अर्थ कळो न कळो, टिंब सोडत नाहीत. मला हसू येतं, पण तोंडावर हसत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं एकदाचं.

मध्ये एक अडलं होतं. पाचव्या क्रमांकाची लायब्ररी नवी हवी होती, आणि तिची जुनी आवृत्ती मशीनवर आधीच बसलेली. बांधणी सुरू केली की ती सारखी जुनीच उचलायची. वैतागून जुनी काढून टाकली. मग नवी बसली, नवा प्रोग्रॅमही बसला, आणि भोंग्याचा प्रोग्रॅम बंद पडला. त्याला जुनीच हवी. तो प्रोग्रॅम कोण्या विद्यार्थ्याने पूर्वी लिहून दिलेला, सोर्स कोणाकडेच नाही, पोरगा कालिमांतानला गेलाय आणि फोन उचलत नाही.

खरं तर जुनीही सोर्समधून बांधून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि भोंग्याला सांगायचं की तू इथे बघ. मुलांना मी हेच शिकवते, परीक्षेत याला गुण देते. जुन्या लायब्ररीचा सोर्स पेनड्राइव्हवर होता. या मशीनवर दीडेक तास लागला असता. पण पाच वाजून गेले होते आणि मास सार्नो ट्रक घेऊन बाहेर माझ्यासाठी थांबलेला. बिचारा दिवसभर रेती उपसतो, त्याला किती ताटकळवायचं? मग मी ओळभराची युक्ती केली. जुन्या नावाची एक नुसती पाटी लावली आणि तिचा बाण नव्या लायब्ररीकडे वळवला. भोंगा जुनीला हाक मारतो, ओ नवी देते. वरच्या बंधाऱ्यावरच्या पोराला फोन करून एका सेन्सरवर बादली ओतायला लावली. भोंगा वाजला, गावातली कुत्रीही वाजली. सगळे खूश.

वहीत मी लिहिलं, ‘सर्व गरजा पूर्ण’. पाक जुमेनो म्हणाले, “जुनी ठेवलीत ना बाजूला, भोंग्यासाठी?”

मी हो म्हटलं.

‘अजून नाही’ म्हणता आलं असतं. आपल्याकडे लग्न न झालेल्या साठीच्या माणसालाही लोक ‘अजून नाही’च म्हणायला लावतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण हो तोंडातून गेलं. पुढच्या आठवड्यात नीट करीन.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्घाटन. पिवळ्या भाताचा डोंगर, संस्थेचे पाहुणे, पाक लुराहचं लांबलचक भाषण. भाताचा शेंडा, तो मानाचा, कापून मला दिला. पाक जुमेनोंना द्यायला हवा होता असं क्षणभर वाटलं, पण मी घेतला.

पाक जुमेनोंनी नंतर बाजूला घेऊन विचारलं, “वहीत एखादी ओळ राहिली का हो?” मी म्हटलं, “नाही, पाक.” वय झालंय, तेच तेच विचारतात. आणि माझ्या नोंदीखाली एक ओळ कोरी सोडलीय. एरवी कागद वाया घालवणारा माणूस नव्हे.

६ डिसेंबर, शनिवार

काल त्या दोघांतल्या खालच्या बंधाऱ्यावर पाणी चढलं, भोंगा चोख वाजला, पात्र रिकामं झालं. म्हणजे पाटी चालतेय. शाळेत सत्रपरीक्षा आहेत. जानेवारीत वेळ काढून जुनी लायब्ररी बसवेन. मास सार्नोने आज सालाकची फळं दिली, पिशवीभर. म्हणाला, तुमच्या भोंग्यामुळे काल माझा ट्रक वाचला. मी फळं घेतली. घरी येऊन एकही खाववलं नाही, का कोण जाणे.

३ जानेवारी, शनिवार

भोंगा वाजला नाही.

दुपारी सव्वातीनला वरून दगडमाती आली. पाक जुमेनोंनी केंतोंगान बडवला, तो लाकडी पोकळ ठोकळा, आजोबांच्या काळातला. लोक धावले. सगळे वर आले, मास सार्नो सोडून. तो ट्रक काढायला गेला आणि ट्रक आणि दगडाच्या मध्ये त्याचा डावा पाय सापडला. चौघांनी ओढून काढला.

इस्पितळात आहे. अजून काही सांगत नाहीत.

४ जानेवारी, रविवार

सकाळी चौकीवर जाऊन नोंदी उघडल्या. कोणी नव्हतं.

तीन वाजून सहा मिनिटांनी दोन्ही बंधाऱ्यांचे निरोप एकदम आले. नव्या लायब्ररीत निरोपांची मांडणी जुनीहून वेगळी असते. एकच निरोप असला तर फरक जाणवत नाही. दोन आले की भोंग्याचा प्रोग्रॅम चुकीच्या जागी वाचतो आणि कोसळतो. तो त्याच मिनिटाला कोसळला. मी बादली एकाच सेन्सरवर ओतायला लावली होती.

 मग जुनी लायब्ररी सोर्समधून बांधली, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, पाटी काढली, भोंग्याला नवा पत्ता दिला. दोन्ही निरोप एकदम पाठवून पाहिले. प्रोग्रॅम उभा राहिला. भोंग्याची तार मी आधी काढून ठेवली होती, नाहीतर गाव पुन्हा धावलं असतं.

एक तास वीस मिनिटं लागली. घड्याळ लावून बसले होते.

५ जानेवारी, सोमवार

गुडघ्याखाली कापला.

८ जानेवारी, गुरुवार

गावच्या सभागृहात बैठक झाली. भोंगा जुना म्हणून अडला, असं सगळ्यांनी धरूनच घेतलं होतं. संस्थेचा माणूस विचारत होता की सेन्सरचे निरोप तीन वाजून सहा मिनिटांनी आले, मग सव्वातीनपर्यंतची नऊ मिनिटं कुठे गेली. पाक जुमेनो उठले. म्हणाले, मी असरच्या नमाजाला मागच्या खोलीत गेलो होतो. परत आलो तर भोंगा गप्प होता, म्हणून मला वाटलं नदीही गप्प असेल. आवाज कानावर आला तेव्हा ठोकळा घेतला. चूक माझी आहे.

नमाज! असरची अजान त्या दिवशी तीनच्या पुढेच झाली, सगळ्या गावाने ऐकली. सभागृहातल्या निम्म्या माणसांनी त्याच वेळी डोकं टेकवलं होतं. तरी कोणी काही बोललं नाही. पाक लुराह अगदी गोड आवाजात म्हणाले की पाक जुमेनोंनी खूप केलं, आता थोडा आराम करावा. आपल्याकडे माणसाला काढतात ते असं, चहा पाजून. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच तिसऱ्या खुर्चीत बसून गोड चहा पीत होती.

दोनदा उठायला गेले. दोनदा वाटलं की आता बोलले तर पाक लुराहची पाहुण्यांसमोर शोभा होईल. खोटं. मला माझीच शोभा होण्याची भीती होती. चौकी ‘बु गुरूंकडे’ सोपवायचं ठरलं. पाक जुमेनोंनी किल्ली आणि वही दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

“शुक्रवारची यादी तेवढी चुकवू नका,” म्हणाले.

१८ जानेवारी, रविवार

दहा दिवस काही लिहिलं नाही. शाळेत शिकवते, म्हणजे तोंड हलतं. नवव्या तासाला एका पोरीने विचारलं, बु, जुनं नाव नव्याला जोडलं तर चालतं की, मग एवढा खटाटोप कशाला? मी तिच्यावर ओरडले. पोर रडली. मग तिची माफी मागितली, तिला कारण कळलं नाही.

वही कपाटात होती. उघडायचा धीर होत नव्हता. आज उघडली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. पाक जुमेनोंची यादी. टपोऱ्या अक्षरात, ओळीने, नेहमीसारखी. मधोमध जुन्या लायब्ररीचं नाव, त्यापुढे पेनाने काढलेला लहानसा बाण, आणि बाणापुढे नवीचं नाव. पडद्यावर होतं तसं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्यापुढच्याही. आठ शुक्रवार, आठ बाण. २ जानेवारीचा बाण जरा ठळक आहे, पेन दोनदा फिरवल्यासारखा.

आणि माझ्या ‘सर्व गरजा पूर्ण’च्या खालच्या कोऱ्या ओळीत तारीख घातलेली आहे. १३ नोव्हेंबर. बाकीचे तीन रकाने रिकामे.

एवढे दिवस मला वाटत होतं की हे कोणालाच माहीत नाही.

पहिला विचार काय आला तेही लिहून ठेवते. संस्थेचा इंजिनिअर फेब्रुवारीत येणार आहे, वही मागेल, तर ही पानं नसलेली बरी. माझा हात खरंच पानावर गेला होता.

२२ जानेवारी, गुरुवार

पाक जुमेनोंकडे गेले. अंगणात मिरच्यांना पाणी घालत होते. त्यांच्या बायकोने तळलेलं तेंपे आणि चहा ठेवला, आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिला कळलं असावं.

मी सगळं सांगितलं. पाटी, बाण, एकच बादली, तुम्हाला म्हटलेलं हो. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडू म्हणजे समोरच्याला समजूत घालायला लावणं. तरी आलं.

त्यांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाले, “मी बाण पहिल्याच शुक्रवारी पाहिला होता.”

“मग विचारलं का नाही, पाक?”

“विचारलं की. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कसं विचारणार? तुम्ही मास्तरीणबाई, मी रेडिओवाला. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं.” पुढे म्हणाले, “नमाजाहून परत आलो तेव्हा पडद्याकडे बघून मला आधी तो बाणच आठवला. मग वाटलं, छे, बु गुरूंनी केलंय ते बरोबरच असणार. तिथे दोन मिनिटं गेली, बु गुरू. ती माझीच.”

मी म्हटलं, ती पण माझीच. त्यांनी झारी पुन्हा उचलली. त्यांनी मला माफ केलं का, हे मला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. निघताना म्हणाले, “सार्नोला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.”

२५ जानेवारी, रविवार

पाक लुराहना आधी घरी जाऊन सांगितलं. त्यांना घाम फुटला. म्हणाले, आता झालं ते झालं, भोंगा चालतोय, संस्थेला कशाला कळवायचं, चौकीच बंद पडेल. शिवाय पाक जुमेनोंनी मनाला लावून घेतलेलं नाहीये. मी म्हटलं, बैठक तुम्ही बोलावताय की मी मशिदीच्या कर्ण्यावरून बोलू? आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी अशा आवाजात बोलले. बैठक संध्याकाळी झाली.

उभी राहिले आणि सांगितलं. सोप्या शब्दांत, कारण कठीण शब्दांमागे लपता येतं. पाठीमागून एक बाई म्हणाली, “तरी म्हातारा नमाजाला होता ना?” मी म्हटलं, “भोंगा वाजला असता तर त्यांनी नमाज पुरा केला असता आणि मास सार्नोही पायावर उभा असता.”  पाक जुमेनो आले नव्हते.

घरी येऊन वहीतली कोरी ओळ भरली. तारीख होतीच. नाव: जुन्या नावाची पाटी, नव्या लायब्ररीकडे. आवृत्ती: खोटी. ‘कोणी मागितलं’च्या रकान्यात आधी ‘भोंगा’ लिहायला घेतलं. पण भोंग्याने ती मागितली नव्हती. त्याने जुनी मागितली होती. तिथे मी माझं नाव लिहिलं, ‘रुक्मी’.

वही आणि किल्ली उद्या त्यांच्या दारात ठेवते.

२६ जानेवारी, सोमवार

मास सार्नोकडे आधीच जायला हवं होतं. बैठकीनंतर जाणं म्हणजे त्याला शेवटी सांगणं झालं. पाक जुमेनोंनी बजावलं होतं, तरी मी सर्वांत अवघड घर शेवटी ठेवलं. रात्रीच त्याच्या मेहुण्याने त्याला सांगितलं होतं.

तो ओट्यावर बसला होता, पाय, म्हणजे जो आहे तो, खाली सोडून. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मला बघून हसला, सवयीने, आणि मग हसू मावळलं. मी चटईवर बसले. सगळं पुन्हा सांगितलं.  त्याला लायब्ररी कळत नाही, सोर्स कळत नाही, तरी त्याने विचारला तो प्रश्न नेमका होता.

“बरोबर करायला किती वेळ लागला असता?”

“दीड तास. एक तास वीस मिनिटं.”

“मग का नाही केलंत?”

मी खरं तेच सांगितलं. तू ट्रक घेऊन बाहेर थांबला होतास, मास. तुला किती थांबवायचं असं वाटलं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते किती घाणेरडं आहे ते कळलं, जणू मी त्याचा पाय त्याच्याच नावावर लिहीत होते. पण मागे घेता येईना.

त्याने रस्त्याकडे बघितलं. रेतीचा एक ट्रक खाली गेला, दुसऱ्या कोणाचा. त्याने त्या ड्रायव्हरला हात केला.

“त्या संध्याकाळी मी ट्रकमध्ये झोपलो होतो, बु गुरू,” तो म्हणाला. “चांगली गाढ लागली होती. तुम्हीच दार वाजवून उठवलंत मला.”